सात फुटांचा धीर

उंच मुलाचे एक दुर्दैव असते. त्याचे वय कुणाला दिसत नाही, दिसते ती उंची. अकरा वर्षांचे पोर साडेपाच फूट झाले की एस्.टी.चा कंडक्टर त्याच्याकडे पूर्ण तिकीट मागतो, आई त्याला माळ्यावरचे डबे काढायला लावते, आणि त्याच्या हातून कपबशी फुटली की, "एवढा घोडा झालास, तरी अक्कल कशी येत नाही?" हा प्रश्न ठरलेला. अक्कल काही उंचीच्या मापाने वाढत नाही, ही साधी गोष्ट त्या वेळी कुणाच्या ध्यानात राहत नाही. बुटक्या भावंडाला मात्र "लहान आहे अजून" म्हणून सारे माफ!

आता हेच पोर वाढता वाढता सात फुटांचे झाले आणि त्याचा खेळ पाहायला वीस वीस हजार माणसे पैसे मोजून येऊ लागली, तर त्या बिचाऱ्याची काय अवस्था होत असेल, याची वाचकहो, आपणच कल्पना करा.

ती कल्पना करण्याचे मला वास्तविक काही कारण नव्हते. मी मराठी शिकवतो. बास्केटबॉलशी माझा संबंध म्हणाल तर आमच्या कॉलेजच्या मागे एक जाळी नसलेली कडी खांबावर लटकलेली आहे आणि तिच्या सावलीत मी माझी स्कूटर लावतो, एवढाच. पण २०१६ सालच्या दिवाळीच्या सुटीत मी अमेरिकेत फिलाडेल्फियाला थोरल्या बहिणीकडे गेलो आणि एका सात फुटी मुलाच्या भानगडीत सापडलो.

ताईने मला नुसते फराळाला बोलावले नव्हते. विमानतळावरून घरी जाताना गाडीतच तिने काम सांगितले. माझा भाचा तेव्हा वीस वर्षांचा होता. कॉलेजची दोन वर्षे करून तो घरी येऊन बसला होता. नापास झाला नव्हता, आजारीही म्हणावा असा नव्हता. नुसता थांबला होता. दिवसा एका किराणा दुकानात काम करी, रात्री बास्केटबॉलचे सामने पाही. "आणि पाहतो तरी कुणाला?" ताई म्हणाली, "जगात सगळ्यांत जास्त हरणाऱ्या संघाला! तू मास्तर आहेस. तुझं ऐकेल तो. जरा कानउघाडणी कर."

मास्तराला असे काम कुणी सांगितले की त्याला मनातून बरे वाटते. मीही रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या भाषणाचे मुद्दे काढून ठेवले.

* * *

पण भाषणाला तोंड फुटण्यापूर्वीच भाच्याने माझ्या हातावर तिकीट ठेवले. बुधवार, २६ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजनाला चार दिवस होते. "मामा, तू अगदी वेळेवर आलास," तो म्हणाला, "उद्या जोएल एम्बीड पहिला सामना खेळणार. अडीच वर्षं थांबलोय आम्ही."

"अडीच वर्षे? आणि होता कुठे तो इतके दिवस?"

"इथंच. बसून."

मग त्याने मला जी कथा सांगितली ती अशी.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये तीस संघ आहेत. दर उन्हाळ्यात नव्या खेळगड्यांची निवड होते आणि तिच्यात दुबळ्याला आधी उचलू देण्याचा रिवाज आहे. म्हणजे जो संघ जितका वाईट खेळेल, तितकी सोडतीत त्याची चिठ्ठी आधी निघण्याची शक्यता तेव्हा अधिक असे. हेतू चांगला, दुबळा सबळ व्हावा. पण कायद्याला पळवाट असतेच. फिलाडेल्फियाच्या 'सेव्हन्टीसिक्सर्स' या संघाचा कारभार २०१३ साली सॅम हिंकी नावाच्या गृहस्थाकडे आला. त्याने सरळ हिशेब मांडला: मध्यम संघाला पुढे जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही, तेव्हा आधी तळ गाठू, चांगली मुले उचलू, आणि ती वाढेपर्यंत थांबू. त्याने तयार खेळगडी देऊन टाकले. संघ हरू लागला. २०१३-१४ च्या हंगामात ८२ पैकी ६३ सामने हरला, आणि त्यांतले २६ लागोपाठ! पुढल्या वर्षी ६४ हरला, त्याच्या पुढल्या वर्षी ७२. या साऱ्या खटाटोपाला गावात 'प्रोसेस' असे नाव पडले. प्रोसेस म्हणजे प्रक्रिया. शेणखत टाकून पावसाची वाट पाहत बसणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हा शब्द न सांगता कळला असता.

या प्रक्रियेतले मुख्य पीक म्हणजे हा जोएल एम्बीड. जन्म १९९४ चा, आफ्रिकेतल्या कॅमेरूनची राजधानी याऊंदे इथला. बाप लष्करात अधिकारी. पोरगा फुटबॉल खेळे, व्हॉलीबॉल खेळे. बास्केटबॉलला त्याने हात लावला तो पंधराव्या वर्षी. त्याच देशातला एक मोठा खेळगडी लुक म्बाह आ मूते याच्या शिबिरात तो नजरेत भरला आणि सोळाव्या वर्षी फ्लॉरिडातल्या शाळेत येऊन पडला. भाषा येत नाही, खेळ येत नाही, येते ती फक्त उंची! एका प्रशिक्षकाने त्याला हकीम ओलाजुवानच्या खेळाची चित्रफीत दिली. ओलाजुवान नायजेरियाचा, आणि त्यानेही बास्केटबॉल उशिराच हाती धरला होता. पोरगा ती फीत पुन्हा पुन्हा पाहत राहिला.

तीन वर्षांत तो कॅन्सासच्या विद्यापीठात पोचला. लोक म्हणू लागले की २०१४ च्या निवडीत पहिले नाव याचेच. एवढ्यात पाठीच्या हाडाला तडा गेला आणि त्यातून उठतो न उठतो तोच उजव्या पायाचे एक हाड मोडले. निवडीच्या सहा दिवस आधी शस्त्रक्रिया! दोन संघांनी त्याला वगळून दुसरी मुले घेतली. तिसरा क्रमांक फिलाडेल्फियाचा. हिंकीने त्याला उचलला.

"मोडक्या पायाचा?" मी विचारले.

"मोडक्या पायाचा," भाचा अभिमानाने म्हणाला.

या हाडाविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढले रामायण त्याच्यावरच घडले. पाऊल आणि घोटा यांच्या मध्ये, आतल्या बाजूला, होडीच्या आकाराचे एक लहानसे हाड असते. धावताना नि उडी मारताना शरीराचा बराच भार त्याच्यावरून जातो, आणि त्याच्या मधल्या भागाला रक्ताचा पुरवठा मात्र तुटपुंजा. त्यामुळे ते मोडले की लवकर सांधत नाही. उंच माणसाचे पाय लांब, वजन शंभर किलोंच्या पुढे, आणि कामच उड्या मारण्याचे. चीनचा साडेसात फुटी याओ मिंग पायाच्या दुखण्यांनीच हैराण होऊन २०११ साली निवृत्त झाला. एम्बीडचे हाडही सांधले नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि दुसरे वर्षही गेले.

"आणि मधल्या काळात," भाचा जरा थांबून म्हणाला, "त्याचा धाकटा भाऊ गेला. आर्थर. तेरा वर्षांचा होता. याऊंदेत शाळेजवळ ट्रक घुसला. ऑक्टोबर २०१४. हा इथं, पाय प्लास्टरात."

खेळ सोडून घरी निघून जावे असे त्या दिवसांत वाटले होते, हे एम्बीडने पुढे स्वतःच लिहिले आहे.

* * *

ब्रॉड स्ट्रीटखालून धावणाऱ्या भुयारी गाडीने आम्ही शेवटच्या स्टेशनावर उतरलो. तेव्हा वेल्स फार्गो सेंटर म्हणून ओळखले जाणारे ते प्रचंड क्रीडागृह आमच्यासमोर उभे होते. आमच्या जागा पार वर, कबुतरांच्या शेजारी म्हणाव्यात अशा. डाव्या हाताला भाचा, उजव्या हाताला सत्तरीच्या घरातले एक आजोबा.

फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांची ख्याती मी ऐकून होतो. १९६८ च्या डिसेंबरात फुटबॉलच्या एका सामन्यात या गावच्या लोकांनी नाताळबाबालाच बर्फाचे गोळे फेकून मारले होते! अशा लोकांनी अडीच वर्षे एका न खेळणाऱ्या मुलाची वाट पाहावी, हे मला कोडेच होते. मी आजोबांना तसे विचारले.

"आम्हाला उंच मुलांची सवय आहे," ते म्हणाले. विल्ट चेंबरलेन याच गावचा. इथल्या ओव्हरब्रुक शाळेत शिकलेला. १९६२ च्या मार्चमध्ये एका सामन्यात त्याने एकट्याने शंभर गुण केले, तो विक्रम तेव्हाही उभा होता आणि अजूनही उभा आहे. "पण विल्ट आला तो तयार होऊनच आला. वाट पाहायला शिकवलं ते डॉकिन्सनं."

डॅरिल डॉकिन्स १९७५ साली शाळेतून थेट या संघात आला. वय अठरा, धिप्पाड देह. १९७९ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरात त्याने चेंडू कडीत आदळताना दोनदा मागचा काचेचा फळा फोडला, काचांचा पाऊस पडला. आजोबांनी सात वर्षे दर हंगामाच्या सुरुवातीला म्हटले, या वर्षी हा खरा मोठा होणार. १९८२ साली संघाने त्याला दुसरीकडे देऊन टाकले, मोझेस मॅलोन नावाचा पुरता तयार झालेला खेळगडी आणला, आणि पुढल्याच वर्षी, १९८३ मध्ये, अजिंक्यपद मिळवले.

"म्हणजे तुमची वाट फुकट गेली," मी म्हणालो.

"असं कसं?" आजोबा हसले. "सात वर्षं मजेत गेली की! काच फुटलेली पाहिली आहेत का तुम्ही कधी?"

एवढ्यात दिवे मंद झाले. नावे पुकारली गेली. एम्बीडचे नाव आले तेव्हा जो आवाज उठला त्याचे वर्णन मला करता येणार नाही. आमच्या पंढरीच्या वाटेवर रिंगणातला घोडा सुटला की माणसे ओरडतात तसा काहीसा तो होता. त्यात आनंद होता, आणि घोड्याचा पाय कुठे मुडपू नये ही धास्तीही होती.

मी खेळ पाहू लागलो. पहिल्या पाच मिनिटांत माझ्या ध्यानात आले की हा मुलगा सुरेख आहे आणि कच्चा आहे. एका क्षणी तो नाचणाऱ्यासारखा गिरकी घेऊन प्रतिस्पर्ध्याला चकवी, दुसऱ्या क्षणी चेंडू हातातून घरंगळे. तो जमिनीवर पडला की वीस हजार माणसांचा श्वास अडके. त्याला खेळवायचे तेही मोजून. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा, पण डॉक्टरांनी जेमतेम निम्मी मिनिटे मोजून दिलेली. तो चेंडू फेकायला रेषेवर उभा राहिला की सारे क्रीडागृह एका सुरात म्हणे, "ट्रस्ट द प्रोसेस!" प्रक्रियेवर विश्वास ठेवा! पुढे या मुलाने ते टोपणनावच घेतले. तो स्वतःला 'द प्रोसेस' म्हणवू लागला.

बावीस मिनिटांत त्याने वीस गुण केले. संघ मात्र ओक्लाहोमा सिटीकडून ९७-१०३ असा हरला. मला वाटले, लोक आता शिव्या देत घरी जातील. पण लोक हसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारीत होते. हरून असे सुखावलेले लोक मी जन्मात पाहिले नव्हते.

आणि भाचा? तो मांडीवर वही ठेवून काहीतरी लिहीत होता.

* * *

परतीच्या गाडीत मी ती वही मागून घेतली. पानावर पाच रकाने आखलेले होते. पहिला: दोघांनी मिळून घेरले तर काय करतो? दुसरा: कसा पडतो? तिसरा: रेषेवरून फेकतो तेव्हा गुडघा कसा वाकतो? चौथा: फाऊल कुठल्या घाईत करतो? पाचवा: शेवटच्या दहा मिनिटांत धावत परत येतो की चालत?

"यात गुण कुठे आहेत?" मी विचारले.

"गुण सगळेच लिहितात, मामा. उद्याच्या पेपरात असतील."

मग त्याने मला एक एक रकाना समजावून दिला. उंच मुलाला चेंडू मिळाला की प्रतिस्पर्धी दोघे दोघे धावून येतात. अशा वेळी कुणीतरी एक साथी मोकळा असतोच. पण तो शोधायला डोके शांत लागते, आणि ते उंचीबरोबर मिळत नाही. पडण्याचेही तसेच. लवचीकपणे अंग टाकून पडणारा वाचतो, एका पायावर भार घेऊन सावरू पाहणारा मोडतो. सहा फाऊल झाले की खेळगडी बाहेर, म्हणून नव्या उंच मुलाचे निम्मे शिक्षण म्हणजे हात आवरायचे शिक्षण. ठेंगू मुलगा आठव्या वर्षापासून चेंडूशी खेळत असतो. उंच मुलगा खेळात येतो तोच उशिरा, कुणीतरी त्याची उंची पाहून ओढून आणले म्हणून, आणि तेव्हाही त्याचे हातपाय वाढतच असतात. काल जिथे हात पोचत होता त्याच्यापुढे तो आज पोचतो. स्वतःच्या शरीराचा पत्ता त्याला रोज नव्याने शोधावा लागतो.

ही काही आजची गोष्ट नव्हे. या खेळातला पहिला मोठा उंच माणूस जॉर्ज मायकन, सहा फूट दहा इंच, जाड भिंगांचा चष्मा. १९४२ च्या सुमाराला शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात रे मायर नावाच्या तरुण प्रशिक्षकाच्या हाती तो आला तेव्हा धड चालता येत नाही असे लोक म्हणत. मायरने त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, मुष्टियुद्ध शिकवले, इतकेच काय, नाचायला शिकवले! कडीखाली उभे करून उजव्या हाताने नि डाव्या हाताने शेकडो वेळा चेंडू टाकायला लावला. तो व्यायाम आजही जगभर मायकनच्याच नावाने मुलांकडून करवून घेतात. पुढे १९४९ ते १९५४ या काळात मायकनने मिनिआपोलिसच्या संघाला पाच अजिंक्यपदे मिळवून दिली.

"पण तुमच्याकडे तयार मुलगाही होता म्हणतात," मी म्हणालो. एव्हाना मलाही रस वाटू लागला होता.

होता. २०१५ च्या निवडीत जहलील ओकाफोर आला होता. एकोणीस वर्षांचा, कडीखाली गोड हाताचा. पहिल्याच हंगामात सामन्याला सरासरी साडेसतरा गुण. आणि एम्बीडचे शून्य! गावात दोन तट पडले. गुण पाहणारे ओकाफोरच्या बाजूचे. भाचा दुसऱ्या तटातला. "ओकाफोर सुंदर होता मामा, पण सुरुवातीला जिथं होता तिथंच शेवटी होता. चेंडू गेला की चालत परत यायचा." आणि एम्बीड? तो तर खेळतच नव्हता. पण सामन्याआधी दीड तास जो कोणी मैदानावर येई त्याला तो सराव करताना दिसे. भाचा लवकर येऊन ते पाही. पाय दुखावलेला म्हणून दूरवरून चेंडू फेकण्याचाच सराव, पुन्हा पुन्हा. सात फुटी माणसाला दूरचा नेम लागत नाही हा जुना समज. याने बसल्या जागी तो नेम कमावला.

गाडी एका स्टेशनात थांबली. माझे भाषण खिशातच होते. आता बोलावे असे मी ठरवीत होतो, एवढ्यात भाचाच खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "दोन वर्षं तो खेळला नाही हे खरं. पण दोन वर्षं काहीच झालं नाही, असं नाही ना म्हणता येत?"

हा प्रश्न एम्बीडविषयी नव्हता, एवढे मराठीच्या मास्तरालाही कळले.

मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. खेड्यातून आलेला. पहिल्या वर्षाच्या पहिल्या निबंधात त्याने चार पाने लिहिली होती, आणि त्यांत एक वाक्य धड नव्हते. मी त्याला सर्वांदेखत म्हणालो होतो, "हे तुझे काम नव्हे." दिवाळीनंतर तो कॉलेजात आला नाही. आज इतक्या वर्षांनी मला त्या निबंधातल्या चुका आठवत नाहीत. आठवते ते इतकेच, की एका उताऱ्यात विहिरीवरच्या मोटेचा आवाज होता आणि तो खरा होता. दुसरा निबंध मी पाहिलाच नाही. पाहण्याची संधी मीच घालवली.

घरी पोचलो तेव्हा ताई जागीच होती. "बोललास का?" तिने खुणेने विचारले. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन सांगितले, "काही दिवस त्याला मार्क विचारू नकोस. बाकी सगळे विचार."

ताईने चकलीचा डबा माझ्यापुढून उचलून घेतला. भावाची कामगिरी तिला पसंत पडलेली नव्हती.

* * *

पुढली हकीकत थोडक्यात सांगतो.

त्या हंगामात एम्बीड फक्त ३१ सामने खेळला. जानेवारी २०१७ मध्ये त्याचा संघ पंधरापैकी दहा सामने जिंकला आणि फिलाडेल्फियाला दसरा-दिवाळी एकदम आली. तोच गुडघ्याची कूर्चा फाटली आणि हंगाम संपला. ज्याने ही वाट पाहायला लावली तो हिंकी तर एप्रिल २०१६ मध्येच तेरा पानी राजीनामा देऊन गेला होता. लावणारा गेला आणि झाड वाढत राहिले. २०१७-१८ साली संघाने ५२ सामने जिंकले. ओकाफोरला तोवर दुसऱ्या संघाकडे पाठवून दिले होते.

भाचा अधूनमधून वहीच्या पानांची छायाचित्रे पाठवी. वाढ सरळ रेषेत होत नाही, हे त्या पानांवर स्पष्ट दिसे. मे २०१९ मध्ये टोरांटोविरुद्धच्या निर्णायक सामन्यात कवाय लेनर्डने शेवटच्या क्षणी फेकलेला चेंडू कडीवर चार टप्पे घेऊन आत पडला, आणि हा सात फुटी माणूस मैदानातून बाहेर जाताना ढसाढसा रडला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पुन्हा टोरांटोविरुद्ध त्याने अकरा वेळा चेंडू फेकला आणि अकराही वेळा तो बाहेर गेला, गुण शून्य. त्या दिवशीच्या पानावर भाच्याने लिहिले होते, "पहिला रकाना: घेरल्यावर गोंधळतो. २०१६ पेक्षा कमी." आख्खे गाव शून्याविषयी बोलत असताना 'पेक्षा कमी' हे दोन शब्द लिहिणे सोपे नव्हे.

ज्यांना आकडेच हवेत त्यांच्यासाठी आकडेही आहेत. पहिल्या हंगामात रेषेवरून शंभरात ७८ नेम लागत, २०२२-२३ मध्ये ८५ च्या वर. साथीला मोकळे करणारे पास सामन्याला दोन होते ते चारांवर गेले, पुढल्या वर्षी साडेपाचांवर. २०२२-२३ साली सामन्याला सरासरी ३३.१ गुण करून तो साऱ्या लीगचा सर्वोत्तम खेळगडी ठरला; हाच मान पूर्वी ओलाजुवानलाही मिळाला होता. जानेवारी २०२४ मध्ये एका सामन्यात त्याने ७० गुण केले. २०२० मध्ये झालेल्या मुलाचे नाव त्याने आर्थर ठेवले.

इथे गोष्ट संपवता आली असती तर दिवाळी अंकाला शोभली असती. पण खरी गोष्ट तशी संपत नाही. सर्वोत्तम ठरल्यावर दोनच आठवड्यांनी बॉस्टनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात त्याचा संघ चोवीस गुणांनी हरला. गुडघा पुन्हा पुन्हा दुखावला. २०२४-२५ च्या हंगामात तो फक्त १९ सामने खेळू शकला. २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत त्याच्या संघाला उपांत्य फेरीही गाठता आली नव्हती, मग अजिंक्यपद तर दूरच.

आणि धीर धरला की फळ मिळतेच, असेही नाही. पोर्टलंडने २००७ साली पहिल्या क्रमांकाने ग्रेग ओडन घेतला. गुडघ्यांनी त्याला उभे राहू दिले नाही. साऱ्या कारकिर्दीत तो १०५ सामने खेळला. आपल्याकडचे उदाहरण पाहा. पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातला सतनाम सिंग, सात फूट दोन इंच, लुधियानाच्या अकादमीत घडलेला, २०१० साली फ्लॉरिडाच्या शाळेत गेला. २०१५ च्या निवडीत डल्लासने त्याला बावन्नाव्या क्रमांकाने घेतले, तेव्हा भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. साऱ्या देशाने पेढे वाटले. पण मुख्य संघाकडून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दुय्यम संघात तो झिजला आणि शेवटी अमेरिकेतल्या कुस्तीच्या आखाड्यात उतरला. त्याला हसणारे पुष्कळ भेटतात. बल्लो के ते डल्लास हे अंतर मोजणारे थोडे.

भाचा २०१८ च्या जानेवारीत पुन्हा कॉलेजात गेला आणि बरोबरीच्या मुलांपेक्षा दोन वर्षे उशिरा पदवीधर झाला. आज तो नोकरी करतो, बरी करतो. फार मोठा कुणी झालेला नाही.

* * *

गेल्या उन्हाळ्यात तो माझ्याकडे आठ दिवस राहायला आला होता. एका संध्याकाळी मी ट्यूटोरियलचे पेपर तपासत बसलो होतो. सवयीप्रमाणे लाल पेन झरझर चालले होते. तो समोर आंबा खात बसला होता.

"काय रे," मी वर न पाहता विचारले, "शेवटी तुमचा तो माणूस पुरा झाला म्हणायचा की अर्धाच राहिला?"

"ते मला नाही सांगता यायचं. पण तो पडतो फार छान आता," तो म्हणाला.

मग त्याने हात पुसले आणि माझ्यासमोरचा एक पेपर उचलला. अक्षर वेडेवाकडे, वर माझ्या हातचा दहापैकी तीनचा आकडा. त्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"मामा, या मुलाचा मागच्या वेळचा पेपर कुठं आहे?"

"तो कशाला ठेवू? रद्दीत गेला."

"मग हा पुढे गेला की मागे, ते तुला कळणार कसं?"

मी उत्तर दिले नाही. पेनाला टोपण लावले आणि चहा टाकायला उठलो. परत आलो तेव्हा तो पेपर त्याने गठ्ठ्यात पुन्हा ठेवला नव्हता. टेबलावर, वेगळा काढून ठेवला होता.